सुईनं खाल्लेलं पुस्तक

व्हेनिस, १५९१. सान मार्कोच्या चौकातून बाहेर पडून तुम्ही फ्रेझेरियात शिरता. एके काळी या गल्लीत बाण करणारे बसत. ते काम कधीच उठलं, नाव तेवढं उरलं. समोरून पोतं वाहणारा हमाल अंगावर येतो, काहीतरी ओरडतो, तुम्ही भिंतीला चिकटता. पोत्यातून मिरीचा वास येतो. ही मिरी हलब (अलेप्पो) नाहीतर अलेक्झांड्रियाच्या बाजारातून उचलली, एवढंच इथल्या व्यापाऱ्याला ठाऊक. त्यामागचा अरबी समुद्र, त्यामागचा कानडा किनारा, त्यामागचा घाट आणि घाटातल्या झाडांवर चढलेल्या वेली, हे सगळं त्याच्या वहीत ‘हिंदुस्थान’ एवढ्या एका नोंदीत बसतं. असो. तुम्ही मिरीसाठी आलेले नाही.

पुढे पाद्रींच्या मालकीच्या घरांची ओळ लागते. त्यांतल्या एका घरात चेझारे वेचेल्लियोचं दुकान आहे. वय सत्तरीचं. टिशियन या नामांकित चित्रकाराचा हा नातलग, त्याच्याच चित्रशाळेत हात बसलेला. गेल्याच वर्षी त्यानं देशोदेशीच्या पोशाखांचं जाडजूड पुस्तक काढलं, चारशेहून जास्त चित्रांचं. ते श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत गेलं. आज त्याच्या टेबलावर आहे ते त्याहून कितीतरी लहान, आडवं, हातात सहज मावणारं. नाव मात्र भारदस्त: थोर आणि सद्गुणी स्त्रियांचा मुकुट.

तुम्ही एक प्रत घेता. बांधणी नाही, पानं नुसती टाचलेली. बांधून घ्यायचं ते ज्याचं त्यानं, अशी इथली रीत.

पहिलं पान अर्पणपत्रिकेचं. विएना वेंद्रामिना नानी या खानदानी बाईंना हे पुस्तक अर्पण केलेलं आहे, त्यांच्या घरात लेकीसुना कसं सुंदर जाळीकाम करतात त्याची तारीफ आहे. त्या काळात अशी पुस्तकं काढणाऱ्या सगळ्यांना स्त्रियांच्या सद्गुणांची भारी काळजी होती. चारच वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये फेदेरिको दे विंचोलो या व्हेनिसच्याच माणसानं असंच पुस्तक काढून थेट फ्रान्सच्या राणीला, लुईझला, वाहिलं. चार वर्षांनी रोममध्ये इझाबेला पारासोले नावाची बाई ‘सद्गुणी स्त्रियांचा आरसा’ काढील. सद्गुणी म्हणजे घरात बसून, मान खाली घालून टाके घालणारी, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. पुस्तक खपायचं तर एखादी राणी पुढे लागते आणि सद्गुण मागे लागतात. विकत घेणारी मात्र कोणीही असू शकते. तुम्ही घेतलंच ना?

आता पान उलटा. पान काळं आहे. काळ्या शाईच्या पट्ट्यात पांढरी जाळी: चौकटी, त्यांत कर्णरेषा, कर्णरेषांवर टोकदार कंगोरे, कुठे फूल, कुठे पक्षी. मजकूर जवळजवळ नाहीच. कुठला टाका कुठे घालायचा, दोरा किती घ्यायचा, काही सांगितलेलं नाही. ज्या बाईला टाका येतो तिला सांगायची गरज नाही. जिला येत नाही तिला हे पुस्तक शिकवणार नाही.

पान काळं का, हे कळायला ठसे कोरणाऱ्याच्या हाताकडे बघावं लागतं. खिडकीशी त्याचं बाकडं आहे, त्यावर गुळगुळीत केलेला लाकडी ठोकळा. ठशात उंच राहतं त्यालाच शाई लागते. म्हणजे पांढऱ्या कागदावर एक काळी रेघ हवी असेल, तर रेघेच्या दोन्ही अंगांचं लाकूड खणून काढायचं आणि मधली केसाएवढी भिंत जपायची. पटाशी जरा घसरली की रेघ तुटली. उलट काळ्यावर पांढरी रेघ हवी असेल, तर फक्त ती रेघ कोरायची. काम निम्म्याहून कमी, ठसाही दणकट. आणि जाळी मुळात पांढऱ्या दोऱ्याचीच, गडद झग्यावर नाहीतर मखमलीवर दिसायची. कारागिराचा आळस आणि मालाचं रूप इथे नेमकं जुळून आलं. कंटाळ्यातून निघालेली युक्ती कधी कधी अशी देखणी निघते.

पुस्तक घेऊन तुम्ही बाहेर पडता. दोन पूल ओलांडून, तीन जिने चढून एका खोलीत येता. इथे राहणारी बाई जाळीच्या कॉलरी करून देते, दुकानदारामार्फत. तिचं नाव कुठल्याही पुस्तकात आलेलं नाही, तेव्हा मीही देत नाही. ती तुमच्या हातातलं पुस्तक घेते, उलटसुलट पाहते, सातव्या-आठव्या पानाशी थांबते आणि कात्रीनं ते पान कापते.

तुम्ही चरकता. पुस्तकाला चुकून पाय लागला तर हात लावून कपाळाशी नेणारे तुम्ही. पण तिचं लक्ष नाही. तिनं पान उशीवर ठेवलंय, हातात बारीक सुई घेतलीय, सुईचं नेढ्याकडचं टोक लाकडाच्या मुठीत बसवलेलं. नक्षीच्या रेघेवरून ती टोचत चालली आहे. टच, टच, टच. भोकं इतकी जवळ जवळ की दोहोंमध्ये तिसरं मावू नये, आणि इतकी लांब की कागद फाटू नये. एका कंगोऱ्याला तीसेक भोकं सहज. अर्ध्या तासानं ती पान उचलून खिडकीकडे धरते. काळ्या पानातून उजेडाचे ठिपके येतात आणि छापलेली नक्षी ठिपक्यांत उभी राहते.

मग कोळशाची भुकटी. जुन्या फडक्याच्या पुरचुंडीत भरलेली. टोचलेलं पान ती चर्मपत्राच्या तुकड्यावर ठेवते आणि पुरचुंडी हलक्या हातानं थोपटत, घासत फिरवते. दाब जास्त झाला की डाग, कमी झाला की ठिपके अर्धवट. पान अलगद उचललं की खाली चर्मपत्रावर नक्षी उतरलेली. ते ठिपके ती लेखणीनं जोडून घेते, नाहीतर एका फुंकरीत सगळं जायचं.

हे तुम्ही पाहिलेलं आहे. उशीच्या अभ्र्यावर मोर काढायचा म्हणून ट्रेसिंग पेपर टोचून, रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्यानं फासणारी बाई मराठी घरांत परवापरवापर्यंत होती. जरीकामाच्या कारखान्यांत आजही खाका असाच टोचतात. कागद, सुई, भुकटी: चारशे वर्षांत या तीन वस्तूंत फरक पडलेला नाही, आणि पडायचं कारणही नाही.

पुढचं काम मात्र तुम्ही पाहिलेलं नसणार. चर्मपत्राच्या खाली ती दुहेरी कापड टाचते. नक्षीच्या रेघांवरून जाड दोरा ठेवून तो बारीक टाक्यांनी खाली बांधून घेते. हा झाला सांगाडा. मग सुई खालच्या कापडात जातच नाही. एका दोऱ्यापासून दुसऱ्या दोऱ्यापर्यंत मोकळ्यातून धागा न्यायचा, त्यावर काजाचे टाके घट्ट भरत परत यायचं. कापडाशिवायचं भरतकाम. व्हेनिसच्या बायका याला हवेतला टाका म्हणतात. सगळं भरून झालं की दोन कापडांच्या मधून पातं फिरवायचं. सांगाडा बांधणारे टाके तुटतात, चर्मपत्र सुटतं आणि हातात नुसती जाळी राहते, कशालाच न शिवलेली. बाई ती झटकते, कोळशाचे कण उडतात.

चर्मपत्र पुन्हा वापरता येतं. पुस्तकातलं पान मात्र दोन-तीनदा टोचून-घासून झालं की चाळण होतं. ते चुलीत जातं. बाई दुसऱ्या पानाकडे वळते. तुमच्या पुस्तकाची ही सुरुवात आहे.

थोडं मागे चला. हे सगळं वेचेल्लियोनं सुरू केलं असं वाटायला नको. कोलोन, १५२५. पीटर क्वेंटेलच्या छापखान्यात विल्यम टिंडल नावाचा एक इंग्रज लपूनछपून बायबलचा नवा करार इंग्रजीत छापून घेतो आहे. कामगार दारूच्या नादात बोलून जातात, बातमी फुटते, टिंडल छापलेली पानं काखोटीला मारून नदीमार्गे वॉर्म्सला पळतो. दोन वर्षांनी त्याच छापखान्यातून भरतकामाच्या नमुन्यांचं पुस्तक निघतं. त्यासाठी कोणी धाड घालत नाही. छापखानदाराला दोन्ही सारखेच: कागद, शाई, गिऱ्हाईक. आउग्सबुर्गच्या धाकट्या शोन्सपेर्गरनं तीन-चार वर्षं आधी असं पुस्तक काढून बाजार आहे हे दाखवून दिलेलं होतं. त्यानंतर एकाची नक्षी दुसऱ्यानं उचलली, दुसऱ्याची तिसऱ्यानं. आउग्सबुर्गची वेल कोलोनला उगवते, कोलोनची व्हेनिसला, व्हेनिसची पॅरिसला, आणि प्रत्येक जण मुखपृष्ठावर छापतो की असे नमुने आजवर कोणी पाहिलेच नाहीत.

व्हेनिसमध्ये १५२७ साली हाच धंदा जोव्हान्नी अंतोनियो ताल्येन्ते करतो. हा मूळचा अक्षर वळवणारा पंतोजी, सरकारी कारकुनांना सुंदर हस्ताक्षर शिकवणारा. सुलेखनाचं पुस्तक काढलं, हिशेबाचं काढलं, मग टाक्यांचं. जे जे हातानं शिकता येतं ते ते छापून विकता येतं, हे त्याला फार लवकर समजलं. आपल्याकडे ‘तीस दिवसांत शिवणकला’ विकणाऱ्यांचा हा मूळपुरुष म्हणायला हरकत नाही.

आणि तोस्कोलानो. गार्दा सरोवराच्या काठचं हे गाव कागदाच्या गिरण्यांचं. ओढ्याच्या पाण्यावर चालणारे मोठे लाकडी हातोडे कुंडात धपाधप आपटताहेत आणि कुंडात काय आहे ते जवळ जाऊन पाहा: चिंध्या. जुने लिननचे सदरे, चादरी, परकर, कुजवून, कुटून लगदा केलेले. कोणा बाईनं कधी काळी शिवलेला झगा फाटतो, भंगारवाल्याकडे जातो, इथे कागद होतो, त्या कागदावर नक्षी छापली जाते आणि ती नक्षी दुसऱ्या बाईच्या झग्यावर चढते. कुंडाच्या काठावर उभं राहिलं की वासानं डोकं उठतं, एवढं सांगून ठेवतो.

या गावात अलेस्सांद्रो पागानिनोचा छापखाना होता. त्याच्या भरतकामाच्या पुस्तकात एक चित्र आहे, या सगळ्या पुस्तकांतलं सर्वांत उपयोगी. त्यात बायका नक्षी उतरवण्याच्या निरनिराळ्या रीती दाखवताहेत: कोणी भुकटी घासते आहे, कोणी कापड खिडकीच्या उजेडाशी धरून गिरवते आहे, कोणी कापडाखाली मेणबत्ती ठेवून. रात्री काम करावं लागे हे त्या मेणबत्तीतून कळतं. अर्पणपत्रिकेतून कळत नाही. याच पागानिनोनं बापाबरोबर १५३७-३८च्या सुमारास आणखी एक उद्योग केला. अख्खं कुराण अरबी टाइपात छापलं, पूर्वेच्या बाजारात खपेल या हिशेबानं. मजकुरात चुका राहिल्या, माल खपला नाही, प्रती नाहीशा झाल्या. पुढे चारशे वर्षं ते पुस्तक खरंच निघालं होतं का याबद्दलच वाद होता. १९८७ साली आंजेला नुओवो या संशोधक बाईंना व्हेनिसच्या एका मठाच्या ग्रंथालयात त्याची एक प्रत सापडली. अरबी अक्षरं तिकडे खपली नाहीत, पण दमास्कसच्या तांब्या-पितळेवरून उचललेल्या अरबी वेलबुट्ट्या इकडे या टाक्यांच्या पुस्तकांतून घरोघर गेल्या.

झ्युरिकला, १५६१च्या सुमारास, फार थांबायचं नाही. तिथे फ्रोशाउअरच्या छापखान्यातून लाकडी रिळांवर विणायच्या लेसचं पुस्तक निघालंय. लिहिणारी स्वतः लेस विणणारी आणि शिकवणारी. ती सांगते की ही कला पंचवीस वर्षांपूर्वी, १५३६ साली, इटलीकडून येणाऱ्या व्यापाऱ्यांनी आमच्या मुलुखात आणली. एवढी नेमकी माहिती या पुस्तकांत दुसरं कोणी देत नाही. आणि ही बाई स्वतःचं नाव काय छापते? आर. एम. दोन अक्षरं. बस.

आता एकदम पुढे. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन नाहीतर लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. काचेखाली ही पुस्तकं ठेवलेली आहेत. १९३३ साली आर्थर लोट्झ या जर्मन अभ्यासकानं त्यांची रीतसर सूची केली तेव्हा कळलं की हजारोंनी छापली गेलेली यांतली बरीच पुस्तकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या प्रतींत उरली आहेत. काहींची तर एकुलती एक. कारण तुम्ही तीन जिने चढून पाहिलेलंच आहे. जी प्रत कामाला आली ती संपली. काचेखाली कोरीकरकरीत दिसते ती बहुधा कोणीतरी हौसेनं घेऊन कपाटात ठेवलेली. मधूनच एखाद्या पानावर मात्र भोकांची रांग दिसते, कडेला कोळशाचा डाग. सूचीकार पूर्वी अशा पानापुढे ‘खराब’ असा शेरा मारत. त्या पुस्तकावर अर्पणपत्रिकेतल्या बाईंचं नाव आहे, छापखानदाराचं आहे, गल्लीचा पत्ता आहे. टाके घालणारीची खूण म्हणाल तर ती भोकं तेवढी.

तुमच्या पिशवीत वेचेल्लियोची प्रत आहेच अजून, थोडी रोडावलेली. ती घेऊन गोव्याला या. १६०८.

जुनं गोवं, रुआ दिरैता, सकाळची वेळ. रस्त्यावर लिलाव चाललाय. घोडे, गालिचे, मसाले, खंबायतची भरतकाम केलेली रजई, आणि त्याच ओळीत माणसं. मोझांबिककडून आणलेले पुरुष, बायका, पोरी. दलाल एका पोरीचे गुण सांगतो: मिठाया करते, मुरंबे करते, शिवणकाम बारीक. फ्रान्सचा पिरार द लावाल या वर्षी गोव्यात येऊन पडलाय. या लिलावातल्या मुली किती सुंदर भरतकाम-शिवणकाम करतात हे तो लिहून ठेवणार आहे. त्याच्या वीसेक वर्षं आधी इथल्या आर्चबिशपच्या पदरी असलेल्या लिन्सखोतेननं तर पुरता हिशेब मांडला. गोव्यातली कितीतरी घरं गुलामांच्या कमाईवर चालतात, असं तो सांगतो: बायका घरात मिठाया आणि कातीव जाळीचं, भरतकामाचं काम करतात, आणि त्यांतल्या तरुण, देखण्या पोरींना नटवून मालक रस्त्यावर विकायला पाठवतो. आलेला पैसा मालकाचा. या बायकांना सद्गुणी म्हणून कोणी पुस्तक वाहिलं नाही.

गोव्यात छापखाना नव्हता असं नाही. तो १५५६ सालीच आला. खरं तर निघाला होता हबसाणाकडे, म्हणजे इथिओपियाकडे, वाटेत गोव्याला अडकला तो इथलाच झाला. पण त्यातून निघाली ती धर्माची पुस्तकं, प्रश्नोत्तरं, आणि १५६३ साली गार्सिया द ओर्ताचं औषधींवरचं पुस्तक, ज्याचं शुद्धिपत्रच पानंच्या पानं चालतं. आठ वर्षांनी, १६१६ साली, रायतूरला थॉमस स्टीफन्सचं क्रिस्तपुराण रोमन लिपीत, पण मराठीत छापलं जाईल. टाक्यांचं पुस्तक छापायची गोवेकरांना गरज पडली नाही. जाळीकाम इथे आलं ते कापडावरूनच: बोटीतून उतरलेली कॉलर, वेदीवरची चादर, पाद्रींचे झगे. एका हातानं दाखवायचं, दुसऱ्यानं उचलायचं. टेकडीवर दोन वर्षांपूर्वी सांता मोनिकाच्या मठाची पायाभरणी झाली आहे. भिंती अजून चढताहेत. पुढे कधी गेलात तर त्याच वास्तूत ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे, तिथले भरतकामाचे झगे जवळून पाहा. कोणी केले याच्या पाट्या शोधू नका.

माल विकायला निघालेली एक पोरगी तुमच्याजवळ थांबते. डोक्यावर टोपली, टोपलीत रुमाल. तुम्ही पुस्तक उघडून धरता. तिला पान कापून देऊ करता. ती घेत नाही. घरी कागद घेऊन गेली तर कुठून आणलास म्हणून विचारणार. ती फक्त बघते. बोट पानाला न टेकवता हवेतून फिरतं, चौकटी मोजते, पुन्हा मोजते. मग मान हलवते आणि पुढे जाते. नक्षी गेली. हिला सुई नको, पुरचुंडी नको. तुमच्या पुस्तकाचं हे एकच पान असं, जे वापरलं गेलं तरी शाबूत राहिलं.

गोव्यातून गुलाम पळत. पळून जायचं तर कुठे? किनाऱ्यानं गेलं तर धरून आणतील. समुद्रात तर पोर्तुगीजांचीच गलबतं. उरला घाट. ती पोरगीच पळाली असं मी म्हणणार नाही, मला तशी कथा रचायची नाही. पण वाट बघायला हवी म्हणून चला.

काळी नदीच्या मुखाशी चित्ताकुळ आहे. पोर्तुगीज त्याला सिंताकोरा म्हणतात. तीसेक वर्षांनी, १६३८ साली, नदीपलीकडे कारवारात इंग्रज वखार घालतील, वरच्या सोंद्याच्या मुलुखातल्या मिरीच्या आशेनं. नदीच्या कडेकडेनं आत शिरायचं. जिथे आज कद्र्याचं धरण आहे तिथून डोंगर अंगावर येतो. गाडीरस्ता आज वळणावळणानं अणशीला चढतो. १६०८ साली गुरांची नाहीतर बैलांच्या तांड्याची पायवाट असेल तेवढीच. पावसाळ्यात इथे आभाळ खाली येऊन बसतं. जळवा पायाला, धुकं तोंडाला. दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, आणि ज्याच्या मागावर कोणी आहे त्याला याहून चांगली बातमी नाही. झाडांवर मिरीच्या वेली चढलेल्या, जंगली आणि लावलेल्या शेजारी शेजारी. व्हेनिसच्या हमालाच्या पाठीवरचं पोतं अशाच कुठल्यातरी उतारावर भरलेलं. अणशीत कुणब्यांची घरं आहेत, नाचणीचे तुकडे आहेत, तोंडी कोकणी-मराठी आहे. आज हे सगळं काळी व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतं आणि पर्यटक घाटात धबधब्यापाशी गाडी थांबवून फोटो काढतात.

घाटमाथ्याच्या आतल्या रानांत, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडकडे आणि जोयडातही, आज सिद्दी राहतात. गोव्यात आणलेल्या आफ्रिकन गुलामांचे हे वंशज, त्यांतले बरेच पळून आलेल्यांचे. कोणी हिंदू, कोणी मुसलमान, कोणी ख्रिस्ती. बोली कोकणी वळणाची, मराठी-कानडीची भर पडलेली. २००३ साली कर्नाटकात त्यांना अनुसूचित जमातीत घेतलं. आणि त्यांच्या बायका गोधड्या शिवतात. त्यांना कवंद म्हणतात.

उन्हाळा आहे, पाऊस यायच्या आत कवंद पुरी व्हायला हवी. ओटीवर एक जुनी साडी पसरलेली आहे, हा तळ. शेजारी गाठोडं: विटलेली लुगडी, पोरांचे सदरे, एक गणवेशाचा निळा स्कर्ट, पोलक्याची अस्तरं. बाई कोपऱ्यात बसते. पहिला तुकडा कोपऱ्याला लावते आणि जाड दोऱ्याचा धावदोरा कडेकडेनं सुरू करते. नक्षी आखलेली नाही, खडूची खूण नाही. कड पुरी झाली की आतली फेरी, मग तिच्या आतली. गोधडी बाहेरून मध्याकडे भरत येते. कुठला तुकडा कशाशेजारी, हे गाठोड्यात हात घातल्यावर ठरतं. पिवळा हातात आला, पण शेजारी पिवळाच आहे; परत टाकला; जांभळा काढला, लावला, मान मागे घेऊन पाहिला, उसवला, आडवा करून पुन्हा लावला. मोठे तुकडे बसले की वरून छोटे भडक तुकडे, टिकल्यांसारखे. त्यांना टिकेलीच म्हणतात. ख्रिस्ती घरात क्रूस येईल, मुसलमान घरात चंद्रकोर. शेवटी चारही कोपऱ्यांना घड्या घालून एकावर एक बसवलेले तुकडे, म्हणजे फुलं. त्याशिवाय कवंद नागडी दिसते असं या बायका म्हणतात.

इथवर आल्यावर एक मोह होतो: व्हेनिसची जाळी, गोव्यातली पोरगी आणि ही गोधडी एका दोऱ्यात ओवायचा. आवरा तो. जाळीकाम कापड काढून टाकत जातं, कवंद कापड चढवत जाते. दोन्हींचं तंत्र एकमेकांना पाठ करून बसलं आहे. गोव्यात शिकलेला कातीव टाका रानात निरुपयोगी होता. इथे थंडी होती, पाऊस होता आणि जुनेर होतं. सुई धरायची सवय तेवढी कामाला आली असेल.

तुम्ही पिशवीतून पुस्तक काढता. चार-पाच पानं शिल्लक, त्यांतलं एक अर्पणपत्रिकेचं, अगदी कोरं. ते टोचायचं कोणाला सुचणार? बाई पानं हातात घेते, काळ्यावरची पांढरी जाळी पाहते, बरी आहे म्हणते आणि विचारते की एवढ्या बारीक कामानं पांघरायला काय होतं. मग पानं तुमच्याकडे परत.

हेन्री ड्र्यूअल या अमेरिकन कला-अभ्यासकानं या गोधड्यांवर काम केलं, २००४ साली बायकांची सहकारी संस्था उभी राहायला हात लावला, २०११ साली न्यूयॉर्कच्या शोम्बर्ग केंद्रात कवंदांचं प्रदर्शन झालं. तेव्हापासून फोटो फिरतात. आता फोनवर फोटो दाखवून गिऱ्हाईक म्हणतं, अगदी हीच हवी, हाच रंग, हेच कोपरे. बाई फोटो मोठा करून बघते. ही शिवली तेव्हा सासूची हिरवी साडी होती, ती सगळी यातच गेली. यंदा गाठोड्यात हिरवं नाही. दुसरी कुठली हवी असेल तर सांगा, पावसाच्या आत होईल.